चार खडे आणि मोटारींची शर्यत

एका जंगलात फार गर्दी झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गप्प बसून ऐकणार असाल तर सांगतो.

त्या जंगलात बिळावर बीळ आणि ढोलीवर ढोली चढली होती. मोकळी जागा म्हणून एकच उरली होती, ऐन मधोमध. तिला राणीचं कुरण म्हणत. संध्याकाळी सगळं जंगल तिथे पाय मोकळे करायला यायचं. पोरं लोळायची. म्हाताऱ्या हरिणी गवत कमी आणि सुनांची गाऱ्हाणी जास्त चघळायच्या.

याच कुरणात टिटवीबाई राहायची. टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर तुमच्या शाळेत काय शिकवतात देव जाणे. ती उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. ती उबायला अठ्ठावीस दिवस लागतात, आणि तोवर टिटवी आणि टिटवा आळीपाळीने त्यांच्यावर बसतात. मागच्या साली टिटवीबाईची सगळी अंडी मुंगसाने खाल्ली होती. यंदाच्या चारांत तिचा जीव अडकला होता.

अंडी आठ दिवसांची झाली आणि वडाच्या बुंध्यावर नोटीस लागली. सभेच्या कारकून सायाळबाईंनी अंगातलाच काटा उपटून ती ठोकली. 'राणीच्या कुरणात मोटारींची भव्य शर्यत. कुरणातून डांबरी रस्ता होणार. कोणाची हरकत असल्यास सभेत मांडावी.' आणि खाली बारीक अक्षरात, 'ठराव मंजूर होताच दुसऱ्या सकाळी रोलर फिरेल.'

कल्पना लांडगेसाहेबांची होती. ते परदेशी जंगलात जाऊन आले होते. मोटारी चित्ते चालवणार होते. आता चित्त्याला मोटार कशाला, असं तुम्ही विचाराल. तिथेही एका सशाने विचारलं होतं. त्याला सगळे मागासलेला म्हणाले.

तीन दिवसांनी सभा भरली. अध्यक्ष होते गेंडेसाहेब. कातडी जाड असल्यामुळे हे पद वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं.

"या शर्यतीने आपलं जंगल नकाशावर येईल," लांडगेसाहेब म्हणाले.

"मग आत्ता आपण कुठे आहोत?" सशाने विचारलं.

"नकाशाच्या बाहेर," लांडगेसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांना आपली लाज वाटली.

मग विरोधात बोलायला सांबरशेठ उठले. ते कुरण बचाव मंडळाचे प्रमुख. सभेला मोटारीने आले होते आणि मोटार त्यांनी कुरणातल्या गवतात लावली होती. "शर्यतीला आमचा विरोध नाही," ते म्हणाले. "शर्यत झालीच पाहिजे. पण नदीपलीकडच्या कुरणात." नदीपलीकडचं कोणी सभेला आलं नव्हतं, म्हणून टाळ्या जोरात पडल्या.

शेवटी टिटवीबाई उठली. "अध्यक्षमहाराज, रस्ता जिथून जातो तिथे माझी चार अंडी आहेत. सतरा दिवस थांबा. मग रस्ता करा, शर्यत करा, मी एक शब्द बोलणार नाही."

इतकं मुद्द्याचं त्या सभेत कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं. पण आवाज टिटवीचा. टिटवी ओरडली की कोणीतरी मरतं, अशी जंगलाची जुनी समजूत. पुढच्या रांगेने कानांवर पंजे ठेवले. "शुभकार्यात हा अपशकुन कशाला बाई," घोरपडमावशी म्हणाल्या.

"बाईंच्या भावना पोचल्या," गेंडेसाहेब म्हणाले. "पाहणी करून घेऊ."

पाहणीसाठी सुगरणताईंना नेमलं. घरट्यांतलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं? त्या आल्या, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि अंड्यांपासून दोन पावलांवर उभ्या राहिल्या.

"घरटं कुठाय?"

"हे काय, ताई. इथेच."

"अगं, घरटं म्हणजे विणकाम असतं. आत खोली असते, खाली लांब नळी असते, तिच्यातून आत शिरायचं असतं. हे काय आहे?"

"ही अंडी आहेत."

"अंडी घरट्यात असतात," सुगरणताई म्हणाल्या. तीन दिवसांनी त्यांनी अहवाल दिला. 'मैदानावर एकही घरटं आढळलं नाही. चार खडे आढळले. ते रोलरखाली सहज दबतील.'

टिटवीबाईने तो वाचला आणि दिवस मोजले. अजून चौदा दिवस राहिले होते.

"आपण अंडी उचलून दुसरीकडे नेऊ," टिटवा म्हणाला.

"कशात, अहो?"

दोघांनी एकमेकांच्या चोचींकडे पाहिलं.

सकाळी टिटवीबाई डोहावर कासवआजोबांकडे गेली. नव्वद वर्षं ते सभेचे सदस्य होते. निम्मी त्यांनी झोपून काढली होती, तरी इतरांपेक्षा त्यांना जास्त कळायचं.

"तू काय मागितलंस?" आजोबांनी विचारलं.

"सतरा दिवस."

"तिथेच चुकलीस. सभेकडे दिवस मागायचे नसतात, घ्यायचे असतात."

"पण आजोबा, मी खरं तेच सांगितलं."

"म्हणून तर लगेच निकालात निघालीस. खरं थोडक्यात असतं बाई, ते संपायला वेळ लागत नाही. आता मुद्द्याचं एक अक्षर काढू नकोस. आणि बोलशील ते हळू बोल."

निर्णय होईपर्यंत सभा रोज भरायची होती. त्या दिवशी सायाळबाईंनी मागील सभेचं इतिवृत्त वाचलं. ते कायम करायचं म्हणजे एक उपचार. सगळे माना डोलवतात आणि पुढे जातात. टिटवीबाई हळूच उठली.

"इतिवृत्त छान आहे. फक्त लांडगेसाहेबांना टाळ्या किती पडल्या आणि सांबरशेठना किती, ते राहिलंय. पुढच्या पिढ्यांना कळायला हवं."

मग लांडगेसाहेब म्हणाले, मला जास्त. सांबरशेठ म्हणाले, शक्यच नाही. साक्षीदार बोलावले. प्रत्येकाला, तुम्ही कोणासाठी आणि किती वेळा टाळी वाजवलीत, असं विचारलं. माकडांनी दोघांसाठी वाजवल्या होत्या, त्या कशा धरायच्या यावर एक अख्खा दिवस गेला.

"झाला का ठराव?" संध्याकाळी टिटव्याने विचारलं.

"नाही हो. टाळ्या मोजतायत."

असे चार दिवस निघाले. पाचव्या दिवशी सभा सुरू होताच टिटवीबाईने मान खाली घालून बातमी दिली की घुबडराव गेले. मरणाची बातमी टिटवीनेच आणावी, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. रिवाजाप्रमाणे शोकप्रस्ताव आला, दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले आणि सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी धामणकाकू. तिसऱ्या दिवशी म्हातारा साळुंका. चौथ्या दिवशी एक काजवा.

"काजव्यासाठी सभा तहकूब?" लांडगेसाहेब गुरगुरले.

"साहेब, प्रकाशाच्या क्षेत्रात त्यांचं काम होतं," टिटवीबाई म्हणाली. शोकप्रस्तावाला विरोध करायला वाघसुद्धा धजत नाही.

आणि बरं का, यात खोटं काही नव्हतं. ती सगळी खरोखरच मेली होती. जंगलात रोज कोणी ना कोणी मरतंच. त्यांच्यासाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं, एवढंच.

पण लांडगा तो लांडगा. त्याला वास लागला. अंड्यांच्या तेविसाव्या दिवशी इतर कामं उरकत आली तसा तो उठून म्हणाला, "उद्या कोणीही मरो. आधी ठराव, मग रडारड. उद्या पंजे वर करायचे आणि मोकळं व्हायचं."

त्या संध्याकाळी टिटवीबाई अंड्यांवर बसली आणि तिला आतली हालचाल जाणवली. आता तिला खरी भीती वाटली. आत जीव आहे हे कळल्यावर पाच दिवस फार लांब दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी लांडगेसाहेबांनी ठराव वाचला. कासवआजोबा पाठीखाली मान घालून घोरत होते. पंजे वर जायला लागले. टिटवीबाई कशी उठली, तिचं तिलाच कळलं नाही.

"शर्यतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे," ती म्हणाली.

सभा चकित झाली. लांडगेसाहेबांनी कान टवकारले.

"एवढं मोठं काम होतंय, त्याची कोनशिला तर बसणारच. तिच्यावर पहिलं नाव कोणाचं, तेवढं ठरवून घ्या आणि मग खुशाल पंजे वर करा." एवढं बोलून ती बसली.

वर गेलेले पंजे हळूहळू खाली आले.

लांडगेसाहेब म्हणाले, कल्पना माझी. गेंडेसाहेब म्हणाले, अध्यक्ष मी. सांबरशेठ म्हणाले, मी विरोध केला म्हणून तर शर्यतीचं नाव झालं. सुगरणताईंना पाहणीचा मान हवा होता. पहिला दिवस शब्दांनी गेला, दुसरा शिंगांनी. तिसऱ्या दिवशी सगळे मलमपट्टी करून आले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी टिटवीबाई सभेला गेलीच नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुपारी पहिल्या खड्याला तडा गेला, मग दुसऱ्याला. टिटवीची पिल्लं अंगावरची ओल सुकली की चालायला लागतात. संध्याकाळी चौघं बापाच्या मागे रांगेने नदीच्या उथळ उताराकडे निघाली आणि टिटवीबाई मागून ढसाढसा रडत चालली. त्याच वेळी तिकडे कोनशिला गोल करावी, म्हणजे पहिलं नाव कोणाचंच राहणार नाही, असं ठरलं आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

सकाळी रोलर फिरला. खाली चार रिकामी टरफलं होती, ती दबली. नदीपलीकडून टिटवीबाईने ते पाहिलं आणि इतक्या दिवसांनी मोकळ्या गळ्याने ओरडून घेतलं.

कुरण वाचलं असं सांगितलं असतं, तर तुम्ही खूश झाला असता. पण कुरण गेलं. शर्यत अकरा मिनिटं चालली आणि धुरामुळे कोणाला दिसली नाही. पोरं आता ढोलीच्या तोंडाशी बसून असतात. म्हाताऱ्या हरिणी घरातच असतात आणि सुनांची गाऱ्हाणी सुनांसमोरच करतात.

सभेने मात्र 'अभ्यासू आणि सकारात्मक सदस्य' म्हणून टिटवीबाईला शाल आणि श्रीफळ दिलं. लांडगेसाहेबांनी स्वतः हार घातला.

पुढच्या साली नदीपलीकडच्या कुरणात दुसरी शर्यत जाहीर झाली. तिथे नुकतेच चार खडे आले होते. टिटवीबाई सभेला गेली, पहिल्या रांगेत बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अध्यक्षमहाराज, आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं ना?"

तात्पर्य : बाळांनो, ज्याचा जीव अडकलाय त्याने चुकूनही मुद्द्याचं बोलू नये. मुद्द्याचं बोललं की सभा लवकर संपते आणि रोलर वेळेवर येतो. उद्या गुरुजी तुम्हाला म्हणतील, "फाटे फोडू नका, मुद्द्यावर या." तेव्हा मान डोलवा, आणि मनात समजून घ्या की गुरुजींची अंडी त्या मैदानात नाहीत.