स्टार्टर ऐकणारे तात्या

शिरवळला हायवेलगत सर्जेराव तात्यांचं पत्र्याचं शेड आहे. ट्रकचं वायरिंग आणि स्टार्टर, ही त्यांची कामं. तिथं गाडी लावली की पहिला हुकूम सुटतो, "गप ऱ्हावा समदी! एकदम सावधान!" शेजारचा चहावाला मुकाट्यानं रेडिओ बंद करतो. एकदा ऐन वेळी एका ड्रायव्हरला शिंक आली, तर तात्यांनी त्या बिचाऱ्याला शेडाबाहेर उन्हात उभं केलं होतं.

मी खंडाळ्याचा. एकच ट्रक आहे माझा आणि तोही हट्टी, त्यामुळं अर्धं आयुष्य तात्यांच्या शेडात गेलं म्हणा ना.

तात्या फौजेत गाड्यांचे इलेक्ट्रिशियन होते. त्यांचं शास्त्र सोपं. चावी फिरवायची आणि ऐकायचं. एकदाच 'टक' झालं तर दुखणं स्टार्टरचं. 'कटकटकट' वाजलं तर करंट पुरता पोचत नाही. काहीच वाजलं नाही तर चावीपासून वायर धुंडाळत यायचं. "आदी बॅटरीला शिव्या द्यायच्या न्हाईत," हे त्यांचं पालुपद. "गरीब हाय बिचारी. दोष दुसऱ्याचा आन् मार हिला!" धक्का मारून गाडी आणणाऱ्याचा तर त्यांना लय राग. "आजारी बापाला आसाच ढकलत न्हेतोस व्हय रं दवाखान्यात?"

दसऱ्याचा दुसरा दिवस म्हणजे त्या शेडात जत्रा. आमच्याकडं दसऱ्याला ट्रक धुऊन पूजा करतात, आणि भक्ती जरा जास्त झाली की आमचे लोक बॅटरीची टर्मिनलं सोडवून पुसतात, त्यांवर हळदकुंकू भरतात आणि वर वायर आवळतात. सकाळी गाडी ढिम्म. "टायरला लाव, काचंला लाव, माझ्या टकुऱ्याला लाव!" तात्या बोंबलतात. "पर करंटच्या वाटंत कुंकू कशापाय घालतोस?" सगळे हसतात आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच करतात. मीही त्यातलाच एक शहाणा.

गेल्या दसऱ्यानंतर गेलो, तर ही रांग! तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एरवी शेडाच्या दारात सूप घेऊन धान्य निवडत बसलेल्या असतात. त्या दिवशी दार मोकळं होतं. भाऊ आजारी म्हणून त्या वाईला गेल्या होत्या.

पहिल्याच ट्रकाला घोळ झाला. तात्यांनी सगळ्यांना गप केलं. ड्रायव्हरनं चावी फिरवली. 'टक'. साऱ्या रांगेला ऐकू गेलं. तात्यांनी मात्र मोकळ्या दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "फिरव परत." पुन्हा 'टक'. पुन्हा दाराकडं नजर. "फिरव."

मागनं एकजण चांगला मोठ्यानं म्हणाला, "म्हातारं भैरं झालं काय?"

तात्यांनी मानसुद्धा वळवली नाही. धान्य निवडता निवडता काकूंचं एक बोट मधेच वर का व्हायचं, कधी पाचही बोटं का थरथरायची, ते मला तेव्हा उमगलं. मी आपला समजत होतो, म्हातारीला चाळा आहे!

अशी बातमी हायवेभर पसरायला एक कप चहा पुरतो. मग तात्यांकडं गाडी कोण आणणार? आणि शेड बंद पडलं तर हा माणूस चार दिवस काढायचा नाही.

"तात्यांनी गप ऱ्हायला सांगितलंय न्हवं? मग थोबाड बंद ठेव!" मी त्या बडबड्याला झापलं आणि तात्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. चावी फिरली. मी छातीशी एक बोट धरलं.

तात्यांनी बोट बघितलं, मग मला बघितलं. मला वाटलं, आता पाना बसतोय टाळक्यात. पण ते ड्रायव्हरवर ओरडले, "स्टार्टर खाली घ्या ह्येचा!"

रांग संपेपर्यंत मी तसाच उभा. शेवटी माझा ट्रक. मीच चावी फिरवली, मीच खिडकीतनं पाच बोटं थरथरवली आणि कुंकवापायी मीच शिव्या खाल्ल्या.

सगळे गेल्यावर तात्या जवळ आले. आभारबिभार काही नाही. खिशातला मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "तिला लाव. मला ह्यात काय आयकू येत न्हाई. म्हनावं, भाऊ बरा आसंल तर ये." मग म्हणाले, "तशी घरातबी ती काय बोलती ते आयकू येत न्हाई आता. पर ती न्हाई, ह्ये लय कळतंय गड्या."

मी फोन लावला, सगळं सांगितलं.

"आयकू येत न्हाई म्हनून त्यांनी सवताच्या तोंडानं सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"व्हय काकू."

पलीकडं काकू रडायला लागल्या. "मला कवा म्हनले न्हाईत रं. मीबी कवा इचारलं न्हाई. भाऊ बरा हाय आता. सकाळच्या पयल्या गाडीनं येते म्हनून सांग त्यास्नी."

तात्या माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "सकाळी येत्यात!"

तात्यांनी आधी चहाच्या टपरीकडं बघितलं, मग माझ्यावर डोळे वटारले. "वरडतोस कशापाय? मी काय भैरा हाय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. तात्या डिझेलात फडकं भिजवून खाली बसले आणि काकूंच्या बसायच्या जागेवरचे ऑइलचे डाग घासायला लागले.