पोटातली जागा

आईला वळवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! लातूर नवाकोरा जिल्हा झाला, त्याच्या कचेरीत मी अडलेल्या फायली हलवतो. मग चुलीपुढची एक आई हलणार नाही?

बायकोला, शिवगंगाला, सहावा लागलेला. दुष्काळानं आमच्या मुरुडची शिवारं करपलेली, अन् ही त्यातल्या कडब्यासारखी वाळलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ वाढंना झालंय. हिला डाळ, शेंगदाणे, गूळ, पोटभर खाऊ घाला."

घरी आई चतकोर भाकरी मोडून म्हणायची, "पोट भरलं तर लेकराला जागा कुठं राहील गं? लई वाढलं तर सुटताना अडशील."

मायाच ती! पण चतकोराएवढी.

मी डाव टाकला. आमच्यात मठाचा प्रसाद कुणी नाकारत नाही. शेंगदाण्याचे लाडू मठात नेले अन् गुरुबसप्पा स्वामींच्या हातून आईच्या पदरात टाकवले. स्वामी म्हणाले, "सुनेला द्या."

आईनं लाडू डोळ्यांना लावले अन् दारातून शेजारणींना हाक दिली, "पार्वतम्मा, या गं समद्या! प्रसाद आलाय!"

प्रसाद काय एकट्यानं खायचा असतो! चिमण्यांनी कणीस फोडावं तसे गल्लीनं लाडू फोडले. शिवगंगाच्या वाट्याला चिमूट!

दुसऱ्या दिवशी मी दुप्पट लाडू नेले. दुप्पट गल्ली आली! टँकरची रांग मोडून बाया आमच्या दारात!

"तुमचं लेकरू राहिलं बाजूला," शिवगंगा पदराआड हसली, "गल्लीच बाळसं धरून राहिली!"

हसताना तिच्या गळ्याची हाडं दिसली. पार्वतम्मालाही दिसली. ती चरकली.

"आगं बाई, पोटुशीच्या तोंडचं खाल्लं का आम्ही?"

सांजेला ती ताकातलं पिठलं घेऊन आली. मग कुणी उकडलेला हरभरा, कुणी वाटीभर दूध. जिच्या घरी काही नव्हतं, तिनं मूठभर फुटाणे आणले. डोहाळकरणीसाठी आलेलं परत लावायची आईची छाती होईना. शिवगंगा जेवू लागली, अन् तिच्या गालांवर हळूहळू पाणी चढलं.

आई मात्र धास्तावली. कळा सुरू झाल्या त्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर माझं मनगट आवळून बसली. "चंद्रा, माझी सून अडली तर गल्लीला सोडणार न्हाई मी!"

तेवढ्यात आतून टँहँ! सूनही सुखरूप, अन् गुबगुबीत मुलगी! माझे डोळे वाहू लागले.

आईनं नात उचलली. "एवढं खाऊन हिला जागा कुठं मिळाली, बाई?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, जेवण जठरात जातं, बाळ पिशवीत वाढतं. दोघांच्या खोल्या वेगळ्या!"

आई सावकाश माझ्याकडं वळली. "तुला ठाऊक होतं हे?"

"हाव."

"मंग मेल्या, मला एकदा सांगायला काय झालतं?"

तेवढं मात्र सुचलंच नव्हतं!