अप्पांचं घरगुती सीलिंग

वीरभद्रअप्पांनी आयुष्यात कधी मीठसुद्धा अंदाजाने घातलं नव्हतं. तीस वर्षं तंत्रनिकेतनात फोर्ट्रान ही संगणकाची भाषा शिकवलेला माणूस नातीच्या लग्नाची यादी वहीत करील, हे शक्यच नव्हतं.

"गीतांजलीच्या लग्नात एक सुपारी कमी पडणार न्हाई," त्यांनी लातूरला भर बैठकीत सांगितलं.

"अप्पा, यादी मी करते की," सून सिंधु म्हणाली.

"तू माणसं बघ. आकडे मी बघतो."

अप्पांनी यादीसाठी लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला. फोर्ट्रानमध्ये सीलिंग नावाचं तयार फंक्शन असतं. सव्वातीन गाड्या लागत असतील, तर ते चार सांगतं. अप्पांना मात्र ओटीचे नारळ शुभ आकड्यात, म्हणजे शेवटी एक येईल असे हवे होते. म्हणून त्यांनी सीलिंगला आपली घरगुती आवृत्ती जोडली: अठ्ठेचाळीसचे एक्कावन्न. आता ही आवृत्ती फक्त नारळांसाठी, असा त्यांचा प्रकार प्रोग्राममध्ये वेगळा नोंदवला असता, तर जुनी आणि नवी आवृत्ती एकाच नावाखाली सुखाने नांदल्या असत्या. अप्पांनी तो नोंदवलाच नाही. मग काय, नवी आवृत्ती धाकट्या जावेसारखी उंबरा ओलांडून आली आणि थोरलीला, म्हणजे जुनीला, परसात बसवून साऱ्या यादीच्या किल्ल्या तिने कमरेला लावल्या.

लग्नाच्या दिवशी लोह्याच्या मंगल कार्यालयात दोनाऐवजी अकरा सनईवाले उतरले. पाठोपाठ फुलवाला व्यंकटी टोपली घेऊन आला.

"नवरा-नवरीचे हार. अकरा."

"अरे, माना दोन हायत," सिंधु म्हणाली.

"यादीत अकरा हाय, वहिनी. म्हणलं, मोठ्या लोकांचं काय असंल ते."

अप्पांनी लॅपटॉपवर यादी पाहिली आणि ते चष्मा पुसत राहिले. तिकडे नवऱ्याचे आजोबा श्रीमंतराव आठ भाऊबंदांसह रुसून बसले होते. मांडवात कुणी मान दिला नाही, आता अक्षता पडू देणार नाही म्हणत होते.

गीतांजलीने एकदा अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दोन हार बाजूला काढून टोपली उचलली आणि थेट श्रीमंतरावांपुढे ठेवली.

"तुम्हा नऊ थोरल्यांसाठी अप्पांनी आधीच सांगून ठेवलेत."

श्रीमंतराव विरघळले. "लई हिशोबी माणूस. पण आमच्या इवाईच्या, ह्या अप्पांच्या गळ्यात हार कुठं हाय?"

"अप्पा, बारा सांगायचे होते," गीतांजली कानात म्हणाली.

"बारा सांगितले तर एकवीस आले असते, बाई."

सिंधूने लॅपटॉप मिटला आणि व्यंकटीला तोंडीच सांगितलं, "अजून एक."

"एक चालतो," अप्पा हळूच म्हणाले. "एकाला माझा प्रोग्राम बी एकच देतो."