रीतसर नमुना

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ऊन आलं म्हणून नमुनेसाहेब आत जाऊन बसले, एवढीच त्यांची चूक. एरवी बायकोचं ब्लडप्रेशर तपासून होईपर्यंत ते बाहेर वर्तमानपत्र वाचत. आत पंखा होता खरा. पण पंख्याखाली सिस्टर होत्या.

(साहेब तीस वर्षं अन्नभेसळ खात्यात निरीक्षक होते. दुधातेलाचे नमुने घेता घेता लोक त्यांचं खरं नाव विसरले. निवृत्तीनंतर तेही विसरण्याच्या बेतात होते.)

सिस्टरांनी बायकोच्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि नजर साहेबांच्या कमरेवर रोखली.

"पट्ट्याला नवीन भोक पाडलंत?"

"दोन," बायको म्हणाली. "माझ्या चांगल्या सुरीने."

"वजन कशानं उतरतंय?"

"फिरायला जातो," साहेब म्हणाले.

"कोपऱ्यापर्यंत," बायको म्हणाली.

"शौचातून रक्त जातं का?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "मी बघत नाही."

"तीस वर्षं लोकांच्या दुधात डोकं घालून बघत होतात की."

सिस्टरांनी खणातून एक बोटभर नळी काढली. झाकणाला आतून काडी होती. "काडी शौचात चार ठिकाणी फिरवायची, नळीत घालायची, झाकण लावायचं, आणून द्यायची. डोळ्याला न दिसणारं रक्तसुद्धा यात कळतं. आतड्याचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो, साहेब. माझ्या भावाला हे विचारायची मला लाज वाटली होती." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी जाताना साहेब मनात नियमावली चाळत होते. त्यांना भीती वाटली होती, आणि भीती वाटली की ते नियमांच्या आडोशाला जात. नमुना आणि एकाच भागात? निकालावर वाद झाला तर? रीत म्हणजे रीत: तीन भाग. एक तपासणीला, एक वरिष्ठ प्रयोगशाळेसाठी राखीव, एक आरोपीकडे. (आरोपी, फिर्यादी आणि माल एकाच घरचे असतील तर काय, हे नियमावलीत नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी संडासातून ते पाऊण तासाने बाहेर आले, ते एक नळी आणि औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन. कपाटात फॉर्मालिनची बाटली होती. दुधाचा नमुना नासू नये म्हणून ते थेंब थेंब घालत. निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेल्या घड्याळाबरोबर चुकून तीही घरी आली होती. (घड्याळ महिन्यात बंद पडलं.) प्रत्येक भागात मोजून वीस थेंब पडले. मग दोरा, लाख, मोहोर. राहिले साक्षीदार.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने न वाचता सही केली. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई वाचल्याशिवाय वाढदिवसाच्या कार्डावरही सही करत नसत.

"'सदर नमुना आमच्या समक्ष घेण्यात आला.' कसला नमुना?"

"जैविक."

"कुणाचा?"

"माझा."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हा माझ्या समक्ष घेतलेला नाही. आणि तशी वेळ येऊही नये."

"बाई, ही नुसती भाषा असते हो."

"मग 'समक्ष' खोडा आणि 'परस्पर' लिहा. सही करते."

तेवढ्यात घरातून बायकोचा आवाज आला. शांत होता, म्हणून साहेब धावले.

"अहो, फ्रिजमध्ये लोण्यामागे 'भाग दोन, अपील झाल्यास' असं लिहिलेलं काय आहे?"

साहेबांनी सांगितलं. तिने लोणी फेकलं, भाग दोन फेकला, भाग तीन शोधून तोही फेकला, आणि फ्रिज तीनदा धुतला. मग म्हणाली, "उरलेला आत्ता नेऊन द्या. नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर."

सिस्टरांनी कात्रीने लाख खरवडली, झाकण उघडलं आणि मान मागे घेतली.

"यात काय घातलंत?"

"टिकावा म्हणून थोडं फॉर्मालिन."

"आता हा शंभर वर्षं टिकेल. तुमचं काही सांगता येत नाही." त्यांनी नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. "भेसळीचा नमुना आहे, साहेब. भेसळही तुम्हीच केलीत."

तीस वर्षांत कुठल्या दूधवाल्याने साहेबांना इतकं खाली पाहायला लावलं नव्हतं. त्यांनी नवी नळी निमूट घेतली. दुसऱ्या दिवशी ती साक्षीपुराव्याविना, दोन मिनिटांत भरून आली. ती बायकोने नेऊन दिली, आणि तीन भागांपासून लोण्यापर्यंत सगळं सिस्टरांना सांगून आली.

आठवड्याने सिस्टरांनी बोलावून कागद पुढे केला. रक्ताचा अंश सापडला होता. असे कागद साहेबांनी हजारोंच्या हातात दिले होते. देताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. सिस्टर पाहत होत्या.

"चूक असू शकते," साहेब म्हणाले. त्यांनी कागदाची मागची बाजूही तपासली.

"असू शकते. मूळव्याधही असू शकते. म्हणूनच आतून दुर्बिणीने बघायचं."

"मला विचार करायला मुदत..."

"शुक्रवारी नऊ वाजता. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध मिळेल, ते तीन भागांत नाही, सगळं प्यायचं. मी दारात उभी असेन."

शुक्रवारी त्या खरंच दारात होत्या. आतड्यात वाटाण्याएवढा कोंब निघाला. आणखी काही वर्षांनी त्याने कॅन्सरचं रूप घेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आत्ता दुर्बिणीतूनच कापून काढला. बायकोने ऐकलं, मान हलवली, आणि बाहेर जाऊन बराच वेळ भिंतीवरचा एकच तक्ता वाचत राहिली.

महिन्याभराने साहेब पुन्हा तिच्यासोबत दवाखान्यात गेले, तेव्हा सिस्टर वीसेक लोकांना जमवून नळी कशी वापरायची ते सांगत होत्या. "एक गृहस्थ होते," त्यांनी सुरुवात केली, "नाव सांगत नाही." मग लाख, मोहोर, शिंपी, बाई, लोणी, सगळं आलं. लोक पोट धरून हसले. साहेबही हसले, जरा जास्तच, म्हणजे संशय येऊ नये.

खाकी कपड्यातला एक बसड्रायव्हर तेवढा हसला नाही. जाड, थकलेला माणूस. नळी मांडीवर तशीच पडलेली. "सिस्टर," त्याने विचारलं, "तो माणूस जगला का?"

उत्तर देताना नजर साहेबांकडे जाईल म्हणून सिस्टरांनी ती टेबलावरच्या नळ्यांवरच ठेवली. नाव न सांगण्याचा शब्द त्या पाळत. ड्रायव्हरने नळी उचलून परत टेबलावर ठेवायला हात पुढे केला.

साहेब उठून उभे राहिले. "जगला," ते म्हणाले.

वीस माना वळल्या. ड्रायव्हरने साहेबांना टकलापासून चपलांपर्यंत सावकाश न्याहाळलं, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"असं होय," तो म्हणाला आणि नळी खिशात टाकली. "यांना जमलं, म्हणजे कुणालाही जमेल."