पत्रुभाऊंची तिसरी तार

आमच्या सावली गावात घरोघरी भात शिजतो. पत्रुभाऊंच्या घरी भातासोबत तारा शिजायच्या. बेस गिटारच्या. महिन्यातून एकदा जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, पाणी ठेवायचं, चिमूटभर सोडा टाकायचा आणि तारा वेटोळी करून आत सोडायच्या. जुन्या तारेतला मळ निघतो, आवाज खुलतो, असं त्यांचं म्हणणं. सून कुरकुरली की म्हणायचे, “भात नाई बिघडत बाई, उलटा लोहा भेटते.” शेवटी सुनेने तो गंज खिळ्याने खूण करून वेगळाच ठेवला.

गिटारला तारा चार, पण शिजायच्या तीनच. तिसरी तार ते कधी काढतच नसत. काऊन म्हणून मी दहादा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं: “पह्यले आयका मास्तर, मंग बोला.”

मास्तर म्हणजे मी. शाळेचा नव्हे, पेटीचा. पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षांपूर्वी गावी परतलो आणि विहारातल्या भीमगीतांच्या मंडळात पेटी घेऊन बसलो. पत्रुभाऊ तिथे बेस वाजवायचे. त्यांची बायको यशोधराबाई मंडळाची गायिका होती म्हणे, पण मी येण्याच्या वर्षभर आधीच त्या वारल्या होत्या. मी त्यांना कधी ऐकलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला शिव्या घालताना थोडा हात आखडता घ्याल.

तारांचं वेड तरी किती! वरोऱ्याला एका लग्नात आम्ही पंगतीत बसलो होतो, मांडवात ऑर्केस्ट्रा सुरू होता. पत्रुभाऊंनी घास अर्ध्यावर थांबवला, मान तिरपी केली आणि उष्ट्या हाताने उठून थेट स्टेजवर. तिथल्या बेसवाल्याला म्हणाले, तुझी चौथी तार मेली आहे, बदल. नवरीच्या बापाला वाटलं जेवणात काही कमी पडलं. तो बिचारा बुंदीची परात घेऊन मागे धावला. परत येऊन भाऊ मला समजावत बसले, की खरखरीत तार नुसती वाजते, सपाट तार बोलते. माझा भात तोवर गार झाला होता.

त्यांची स्वतःची गिटार जपानी, पन्नासेक वर्षांची, नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेली. अंगावर एक जागा धड नाही. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिच्या खाचा कानशीने घासून रुंद केलेल्या. खुंट्यांची भोकं ड्रिलने वाढवलेली, कारण तारा दोरखंडासारख्या जाड. अंगाच्या वरच्या टोकाला, शिंगासारखं येतं त्याला, तर चक्क पडद्याचा पितळी हूक!

आणि एवढ्या जाड तारा लावायच्या कशा, तर ढिल्या. भाऊ कोणाकडे शिकलेले नाहीत. तिसऱ्या तारेवर गाणाऱ्याचा सा धरायचा आणि बाकीच्या तिच्यावरून लावायच्या, ही त्यांची घरगुती रीत. पण मग तो सा गाणाऱ्याचा तरी हवा ना! यांचा सा मंडळात कोणाचाच नव्हता. पेटीच्या काळी दोनच्या वर आणि पांढरी तीनच्या खाली. मी कोणतीही पट्टी दाबली तरी दाताखाली खडा. तीन वर्षं मी त्या सुराशी भांडलो. अंघोळ करताना, भाजी निवडताना तोच डोक्यात भणभणायचा.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते आठवडाभर लेकीकडे गडचिरोलीला राहिले. तोवर मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालो होतो. जुन्या वाद्यात कोणी केलेले फेरफार काढून टाकावे, मूळ रूप परत आणावं, तरच त्याची शान. सुनेकडून गिटार घेतली आणि चंद्रपूरला एका कारागिराकडे नेली. भाऊ खूश होतील, आणि खरं सांगायचं तर माझ्याही कानाची सुटका होईल. त्याने नवी पट्टी बसवली, नव्या खुंट्या, नव्या बारीक तारा. हूक काढून भोक बुजवलं, वर पॉलिश. जुन्या तारांचं काय करू, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, फेकून दे.

भाऊ काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. मी गिटार त्यांच्या मांडीवर दिली. अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून ते हात फिरवत गेले. अंगठा वरच्या शिंगापाशी पोचला, थांबला, पुन्हा पुढे-मागे फिरला.

“मास्तर, हूक कुठी हाय?”

मी तोऱ्यात सगळं सांगितलं. त्यांचा अंगठा त्या बुजवलेल्या भोकावरच होता. मग म्हणाले, “तिचा पंप टांगला राहे त्याच्यावर. गाता गाता दम लागला का हात लांबवून घे.”

मग भाऊंनीच सगळं उलगडलं. यशोधराबाईंनी भातगिरणीत वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यांना दमा होता. आधी काळी चारमध्ये खणखणीत गायच्या. दम्याने आवाज खाली उतरत गेला. तो उतरला तशी भाऊंनी तार ढिली केली. ढिली तार फडफडते म्हणून जाड लावली, जाड तार बसेना म्हणून खाच घासली. असं तीनदा. शेवटच्या वर्षी बाई याच खाटेवर बसून गात. मोबाइलवर गाणी होती, पण सगळी जुन्या आवाजातली. हा आवाज त्या रेकॉर्ड करू देत नसत, लाज वाटायची त्यांना. त्यांचा शेवटचा सा त्या तिसऱ्या तारेतच तेवढा राहिला होता, आणि ती मी फेकायला सांगून आलो होतो. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

भाऊंनी खुंटी उलटी फिरवली. बारीक तार ढिली पडून नुसती फडफडली. जरा वर घेतली, जरा खाली.

“इथी होता... नाई. मास्तर, मले आठवून नाई राह्यलं.”

मी कारागिराला फोन लावला. तारा भंगारात गेल्या होत्या. फोन खिशात ठेवला आणि तो सूर माझ्याच डोक्यात भणभणला. माझा गळा असा, की मंडळात मला कोरसमध्येही घेत नाहीत. पण डोळे मिटले आणि लावला. काळी दोनच्या वर, पांढरी तीनच्या खाली.

भाऊंचा खुंटीवरचा हात थांबला. चष्म्याखालून पाणी ओघळलं. डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून सून कापूस घेऊन धावली.

“हाच,” ते म्हणाले. “थांबू नोका मास्तर.”

आता सकाळी फिरून येताना मी रोज त्यांच्या ओट्यावर थांबतो. चहा येण्याआधी एकदा सा लावतो. गिटार भिंतीला टांगलेली असते, अगदी मूळ रूपात, छान चकचकीत. भाऊ मान तिरपी करून ऐकतात. सूर संपल्यावर मी काही बोलायला गेलो, तर हात वर करून मला गप्प बसवतात. त्यांचं ऐकणं अजून संपलेलं नसतं.