खिडकी क्रमांक तीनच्या पापण्या

खिडकी क्रमांक तीनवरच्या बाई कामाच्या वेळेत झोपलेल्या दिसतात, अशा सतरा तक्रारी आल्याने त्यांची बढती रोखण्यात आली. बाई झोपत नव्हत्या. त्यांच्या वरच्या पापण्याच जड होत्या. शेजारच्या चार नंबरवरचे भाऊसाहेब मात्र टेबलावर डोकं टेकून चक्क घोरत. त्यांच्याबद्दल एकही तक्रार नव्हती. दमले असतील बिचारे, असं रांगेचं मत होतं.

"पापण्यांचं काहीतरी करा, बाई. बढतीचं मी बघतो," साहेब म्हणाले.

सर्जनकडे दोन पद्धती होत्या. एकीत नुसती त्वचा कापायची, दुसरीत त्वचेखालच्या स्नायूची पट्टीही.

"चांगली कोणती?" बाईंनी विचारलं.

"तेच तर शोधतोय. उजव्या डोळ्याला पहिली, डाव्याला दुसरी. वर्षभर तुलना."

"अहो, पण मी एकच बाई आहे!"

"म्हणूनच तुलना चोख होईल."

टाके निघाले. घरी नणंदेने दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं. "वहिनी, इकडून काय तरतरीत दिसता! आणि इकडून... बसा हं, पाणी आणते."

कार्यालयात बाईंच्या डावीकडून येणारे आता लिहू लागले, 'बाई डोळे वटारतात.' उजवीकडून येणारे लिहीत, 'अजूनही पेंगतात.' साहेबांनी दोन रांगा केल्या : हुज्जत घालणारे डावीकडे, गरीब स्वभावाचे उजवीकडे. दोन्ही डोळे सारखे करून द्या, असा अर्ज बाईंनी केला. सर्जनने लेखी कळवलं : अभ्यास पूर्ण होईपर्यंत रुग्णाने स्वतःच्या चेहऱ्यात ढवळाढवळ करू नये.

वर्ष संपताना जनमत घ्यायचं ठरलं. 'कोणती पापणी सरस?' तीनशे बारा जणांनी खिडकीशी थांबून, एकमेकांशी वाद घालून फॉर्म भरले. निकाल बरोबरीत सुटला. फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'आपले काम झाले का?' सगळ्यांचं झालं होतं. रकाना सगळ्यांनी कोरा सोडला.

बाईंच्या कामाचा पुरावाच नसल्याने बढती भाऊसाहेबांना मिळाली. पत्र द्यायला त्यांना हलवून उठवावं लागलं. तेही बाईंनीच केलं.

एव्हाना तुम्हीही एखादी पापणी निवडली असेलच. त्या खिडकीवर बाई नेमकं काय काम करत, हे आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.