ईमरचा भाव

फिन्टन गिलहूलीने दुकानाच्या काचेवर भावांचा कागद चिकटवला आणि दहा मिनिटांत डिम्फना केव्हनी पिठाच्या हातांनी आत शिरली.

"फिन्टन, माझी पोर शंभर?"

किल्ब्रॅक गावात पैजा घेणारं फिन्टनचं एकच दुकान. घोड्या-कुत्र्यांच्या शर्यतींचे भाव काढण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. बायकांच्या शर्यतीचे मात्र तो पहिल्यांदाच काढत होता. कारण डिम्फना बेकरीवालीची ईमर युरोपच्या अजिंक्यपदात तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत थेट अंतिम फेरीत पोचली होती. फिन्टनने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: जर्मनीची ब्रोकमान, एकाला दोन. ईमर केव्हनी, एकाला शंभर.

"अगं, हे मार्क नाहीत. म्हणजे असं बघ, एक युरो लावला आणि ती जिंकली तर शंभर मिळ..."

"मला शिकवू नकोस. घोड्यांपायी पगार उडवणाऱ्या माणसाबरोबर बावीस वर्षं संसार केलाय मी. शंभर म्हणजे लंगडं घोडं! बाहेरच्यांनी माझ्या पोरीला भाव दिला नाही तर समजू शकते मी. पण तू?"

हा 'तू' फिन्टनला लागला. गेल्या हिवाळ्यात त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा चार महिने रोज दुपारी डिम्फना गरम सूप घेऊन आली होती. त्याबद्दल ती कधी चकार शब्द काढत नसे. आत्ताही काढला नाही, म्हणूनच तो जास्त ओशाळला. त्याने पेन घेतलं, एक शून्य खोडलं. डिम्फना निघून गेली.

गल्ल्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाने, मोसीने, चष्मा वर केला. "भाव का पाडला, मालक?"

"सहज."

"चाळीस वर्षांत तुम्ही सहज काही केलेलं नाही."

मोसीने ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत फक्त एकाला सांगितली. दोनच्या सुमारास दुकानाबाहेर रांग लागली. फिन्टनला आतली बातमी आहे, यावर गावाचं एकमत झालं होतं. जो तो ईमरवर पैसे लावू लागला. पैसे वाढले की भाव खाली आणावा लागतो, हा धंद्याचा नियम. दहाचे चार झाले, चाराचे दोन. ते पाहून लोकांची खात्रीच पटली. दुसऱ्या कुणावर कुणी दमडी लावेना, म्हणून फिन्टनने बिचाऱ्या ब्रोकमानचा भाव वाढवत वाढवत आठावर नेला. तरी कुणी तिच्याकडे बघेना.

फादर कोलगनसुद्धा आले. "फिन्टन, मी पैज लावत नाही, तुला ठाऊकच आहे. माझ्या बहिणीच्या नावावर दहा लाव."

शुक्रवारी रेडिओवाल्यांना वास लागला. 'युरोपच्या गतविजेत्या ब्रोकमानला मागे टाकून आपल्या ईमरला पसंती देणारं एकमेव दुकान' असं त्यांनी तीनदा सांगितलं. तासाभरात खुद्द ईमरचाच फोन आला.

"फिन्टनकाका, काय केलंत हे? ब्रोकमान येऊन मला विचारून गेली, तू कुठला नवीन सराव करतेस म्हणून! काका, मी अडथळ्यामागच्या पाण्याच्या खड्ड्यात पडले नाही तरी पुष्कळ आहे हो."

"तू पळ, बाळा. भावाचं मी बघतो."

पण बघणार काय? ईमर जिंकली तर दुकान जाणार, हरली तर गाव. शनिवारी दुपारभर तो मागच्या खोलीत रेडिओवाल्यांपासून लपून बसला.

सहा वाजता सगळं गाव सभागृहातल्या पडद्यासमोर जमलं. फिन्टन दाराशीच उभा राहिला, निसटायला सोयीचं म्हणून. शर्यत सुरू झाली. ब्रोकमान पुढे गेली ती गेलीच. ईमर मात्र नववी, मग आठवी, शेवटच्या पाण्याच्या खड्ड्यावरून हरणासारखी निघाली आणि पाचवी आली. आजवरच्या आपल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सात सेकंद कमी!

फिन्टनने दाराची मूठ धरली. मग छप्पर उडेल असा गलका झाला. लोक खुर्च्यांवर चढले, मोसी ढसाढसा रडू लागला. शिंपीणबाई नुआलाने फिन्टनला मिठीच मारली. "तूच तिला पहिल्यांदा ओळखलंस रे! पाच युरोत एवढी छाती धडधडली नव्हती कधी. देव तुझं भलं करो!"

सगळे आभार मानत होते आणि फिन्टनला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. गावाचे पैसे त्याच्या गल्ल्यात होते, ते एका खोट्या भावापायी.

सोमवारी सकाळी डिम्फना आली आणि तिने पैजेची एक चिठ्ठी पुढे केली. मोसीचं अक्षर. ब्रोकमान, चारशे युरो, एकाला आठ.

"शनिवारी दुपारी लावले. तू मागे लपला होतास."

"डिम्फना! तू आई आहेस का कोण?"

"आई आहे म्हणूनच. ईमर जिंकली असती तर चारशेचं दुःख कुणाला झालं असतं? आणि हरली तर हिवाळ्यात सरावाला तिला पोर्तुगालला कशी पाठवू मी? पाव विकून?"

फिन्टनने गल्ला उघडला. गावाने ईमरवर लावलेले जवळजवळ सगळेच पैसे त्याने तिच्या आईपुढे ठेवले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. "फार उपकार झाले गं तुझे," तो म्हणाला.

डिम्फनाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "तुझी तब्येत बरी आहे ना? आणि ईमरला यातलं काही बोलू नकोस. गावानं वर्गणी काढली म्हणून सांगितलंय मी."

दोन दिवसांनी ईमर परत आली. दुपारी मोसी गोंधळलेल्या चेहऱ्याने दुकानात शिरला.

"मालक, ईमर दारोदार आभार मानत फिरतेय. माझे हात धरून म्हणाली, काका, तुमची वर्गणी मी विसरणार नाही. मी कसली वर्गणी दिली?"

"वीस युरो."

"पण ते तर मी पैजेत हरलो."

"मग तू काय म्हणालास तिला?"

मोसीने चष्मा काढून उगाचच पुसला. "म्हटलं, कमी पडले तर सांग."